ऑपरेशननंतरची पहिली रात्र : शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी रुग्णालयं चालवणाऱ्या सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

मी भूलतज्ज्ञ आहे. एका ठिकाणी नोकरीला नाही, जिथून फोन येतो तिथे जाते. सकाळी एकीकडे सिझर, दुपारी दुसरीकडे मनगटाची प्लेट, संध्याकाळी तिसरीकडे अपेंडिक्स. पेशंटच्या डोक्याशी उभं राहून आपल्यातल्या बऱ्याच जणांचं काम मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हे पत्र मी आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण जे मागायचं आहे ते आपल्या हातात आहे. त्याला जीआर लागत नाही, निधी लागत नाही.

मागणं एवढंच आहे : ऑपरेशननंतरच्या पहिल्या चोवीस तासांचं दुखणं पेशंटच्या सोशिकपणावर आणि रात्रपाळीच्या सिस्टरवर सोडू नका. चीर देण्याआधीच त्याची तजवीज करा.

हे दुखणं अचानक येत नाही. ते कधी येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. सकाळी अकराला पाठीतून भूल देऊन सिझर केलं, तर हेवी बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा असर दोन-तीन तास टिकतो. दीड-दोनला पाय हलायला लागतात, नातेवाईक खूश होतात, आणि तिथून पुढे टाके बोलायला लागतात. मग दुपारी एक डायक्लोफेनॅक. ते उतरेपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. तोवर आपण घरी गेलेले असतो, मी चौथ्या रुग्णालयात असते, आणि केसपेपरवर लिहिलेलं असतं ‘पेनकिलर एसओएस’. म्हणजे बाईने मागितलं तर द्यायचं. बाई मागत नाही. शेजारी बसलेली सासू किंवा आई तिला सांगत असते, बाळंतपण म्हणजे एवढं सोसायलाच हवं. बाळाला अंगावर घ्यायचं तर कुशीवर वळावं लागतं, वळायचं तर पोटाला पीळ बसतो, म्हणून ती उताणीच पडून राहते आणि बाळ वरच्या दुधावर जातं. हे रोज घडतं आणि कोणाच्याच नोंदीत येत नाही.

हाडाच्या पेशंटचं वेळापत्रक वेगळं, पण तितकंच ठरलेलं. मानेच्या तळाशी, कॉलरबोनच्या वर ब्लॉक देऊन, म्हणजे हाताच्या मज्जातंतूंभोवती बधिर करणारं औषध टोचून, दुपारी तीनला मनगटाची प्लेट बसवली, तर नुसत्या बुपिव्हाकेनवर हात साधारण बारा तास बधिर राहतो. संध्याकाळच्या राउंडला काका हसून सांगतात, ‘डॉक्टर, काहीच दुखत नाही.’ आपण समाधानाने पुढच्या खाटेकडे जातो. ब्लॉक उतरतो पहाटे तीनला.

एका रात्री तातडीच्या सिझरसाठी गेले असताना वॉर्डाच्या व्हरांड्यात असेच एक शेतकरी काका दिसले. दुसऱ्या टीमने त्यांचं ऑपरेशन केलं होतं. बँडेज बांधलेला हात दुसऱ्या हाताने खांद्याच्या वर धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. हात खाली घेतला की ठणका वाढायचा, म्हणून बसताही येत नव्हतं. बोटं गरम होती, रंग चांगला होता, हलत होती. म्हणजे गुंतागुंत काहीच नव्हती. ब्लॉक एकदम उतरला होता आणि त्याच्या खाली दुसरं कुठलंच औषध नव्हतं. त्यांना वाटत होतं, ऑपरेशन बिघडलं. ‘दुपारी तर काहीच नव्हतं हो,’ एवढंच ते परत परत म्हणत होते. ब्लॉक कधी उतरेल, उतरल्यावर काय होईल आणि त्याआधी कोणती गोळी घ्यायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ही रात्र टाळण्यासाठी लागणारं सामान आपल्या ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) कपाटात आधीपासून आहे. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन ही बधिर करणारी औषधं, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ज्याला आपण सगळे नुसतं डेक्सा म्हणतो. तिन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत. ८ मिलिग्रॅम डेक्साची कुपी एका कटिंग चहाच्या किमतीत येते. त्यामुळे ‘महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही’ हे कारण मला तरी पटत नाही.

बधिरीकरणाच्या औषधाची मर्यादा त्याच्या वेळेत आहे. जखमेत थरांमध्ये टोचलेलं बुपिव्हाकेन काही तास काम करतं, नसेभोवती (मज्जातंतूभोवती) दिलेलं त्याहून जास्त. पण जखमेतली सूज आणि दाह त्या वेळेत संपत नाही. पहिल्या दिवस-दीड दिवसात तो चढतच असतो. डेक्सा इथे दोन्हीकडून मदत करतं : दाह कमी करतं आणि ब्लॉकचा असर लांबवतं. कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात हाताच्या शस्त्रक्रियांचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा डेक्सामुळे बधिरपणा साधारण सहा ते सात तासांनी वाढलेला दिसला. नसेजवळ दिलं तरी आणि शिरेतून दिलं तरी. थेट तुलना केली तेव्हा नसेजवळ दिल्याने आणखी सुमारे तीन तास जास्त मिळाले. आता काकांचं गणित परत मांडून पाहा. पहाटे तीनला उतरणारा ब्लॉक सकाळी नऊ-दहाला उतरतो. त्या वेळी आपण राउंडला असतो, मेडिकल स्टोअर उघडं असतं, पोटात चहा-बिस्किट गेलेलं असतं आणि गोळी घेता येते. माझ्या दृष्टीने या सहा-सात तासांची सगळी किंमत ते रात्रीचे तास आहेत यात आहे.

मग डेक्सा ब्लॉकच्या सिरिंजमध्ये मिसळावं की शिरेतून द्यावं? यावर भूलतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि आपण दोन्ही प्रकार पाहिले असतील. माझं मत शिरेतून देण्याकडे झुकतं. नसेभोवती वापरण्याची परवानगी या औषधाच्या लेबलवर नाही. कुपीत प्रिझर्व्हेटिव्ह असतात, आणि तीन जादा तासांसाठी नसेजवळ एक जादा रसायन सोडावं, असं मला बहुतेक पेशंटमध्ये वाटत नाही. शिरेतून दिलेल्या त्याच डोसने ऑपरेशननंतरच्या उलट्याही कमी होतात, हा वरचा फायदा. फक्त ते ऑपरेशन संपताना न देता सुरुवातीलाच द्यायला हवं, कारण त्याचा असर सुरू व्हायला वेळ लागतो. आणि पेशंट जागा असेल तर अगदी सावकाश द्यावं. पटकन ढकललं की जांघेत आणि गुदद्वाराशी विलक्षण खाज-जळजळ सुटते. बायका तर लाजेने सांगतही नाहीत, नुसत्या कासावीस होतात.

ब्लॉकमध्ये मिसळायचंच असेल तर दोन गोष्टी कृपा करून पाळा. रोपिव्हाकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधात डेक्सा मिसळू नका, स्फटिक तयार होऊ शकतात. आणि केनाकॉर्ट किंवा डेपोमेड्रॉलसारखी गढूळ, कणांची स्टेरॉइडं ब्लॉकमध्ये कधीही घालू नका. सांध्यात दिली जातात म्हणून ती नसेजवळही चालतील, असा समज मी काही ठिकाणी ऐकला आहे. त्यातले कण रक्तवाहिनीत गेले तर रक्तपुरवठाच अडवू शकतात.

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे चेहरे बदलतात, आणि ते मी समजू शकते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला आहे. डोळा गमावलेले, टाळू काढावी लागलेले पेशंट आपल्यापैकी काहींनी स्वतः हाताळले आहेत. पण तिथे होती दिवसेंदिवस चाललेली, अनेकदा जादा मात्रेतली स्टेरॉइडं आणि ताब्यात नसलेली साखर. इथे प्रश्न आहे ४ ते ८ मिलिग्रॅमच्या एकाच डोसचा. जखम चिघळेल ही भीती तर मोठ्या अभ्यासात तपासून झाली आहे. २०२१ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या पॅडी चाचणीत ८,७०० हून जास्त पेशंट होते. ८ मिलिग्रॅम डेक्सा मिळालेल्यांपैकी ८.१ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी ९.१ टक्क्यांना तीस दिवसांत जखमेचा संसर्ग झाला. म्हणजे एका डोसने संसर्ग वाढला नाही. त्यात मधुमेहीही होते, मात्र साखर फारच हाताबाहेर गेलेले पेशंट वगळले होते, आणि आपणही तेच करावं. साखर अडीचशेच्या वर असेल तर मी डेक्सा देत नाही. बाकीच्या मधुमेहींना द्यायचं ठरलं तर कमी डोस, आणि संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लुकोमीटरने तपासणी. सिस्टरला हे लिहून द्यावं लागतं. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलताना हरवतं.

बुपिव्हाकेनबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण ते सोपं वाटतं. जखमेत टोचायला भूलतज्ज्ञ लागत नाही, आपण स्वतः टाके घेताना टोचता, आणि टोचावंच. पण मोजून. किलोमागे २ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर ५० किलोच्या बाईला एकूण १०० मिलिग्रॅम. म्हणजे ०.५ टक्क्याची २० मिलिलिटरची एक बाटली, बस्स. पाठीच्या भुलेत गेलेले दहा-बारा मिलिग्रॅमही त्यातच धरायचे. जास्त जागा भिजवायची असेल तर औषध वाढवू नका, सलाइन घालून पातळ करा. ०.२५ टक्क्याचे ४० मिलिलिटर म्हणजे तेच १०० मिलिग्रॅम. दर वेळी टोचण्याआधी सिरिंज मागे ओढून पाहा. पेशंट म्हणाला की तोंडात धातूसारखी चव येते, ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, तर तिथेच थांबा. पुढची पायरी झटके आणि त्यानंतर हृदय बंद पडणं. बुपिव्हाकेनने थांबलेलं हृदय परत सुरू करणं फार अवघड जातं. त्यावरचा उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शनची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावाची) बाटली ओटीत हवी. ५० किलोच्या पेशंटला त्यातले ७५ मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत द्यावे लागतात. ती बाटली गावात कुठे मिळते हे त्या क्षणी शोधत बसता येत नाही. ज्या ओटीत बुपिव्हाकेन आहे त्या ओटीत लिपिड आहे का, हे मी आता कामाला होकार देण्याआधी विचारते.

अस्थिरोगतज्ज्ञांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो रास्त आहे : ब्लॉक दिला तर कंपार्टमेंट सिंड्रोम (सुजेच्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा अडणं) झाकला जाईल, कारण त्याची खूण असलेलं दुखणंच कळणार नाही. नडगीचं हाड चिरडलेला तरुण मुलगा असेल, पोटरी टणक लागत असेल, तर मीही लांब टिकणारा ब्लॉक देणार नाही. त्यावर आपलं आधी बोलणं व्हायला हवं. पण हा आक्षेप सत्तरीच्या आजींच्या मोडलेल्या खुब्याला लावला जातो, तेव्हा मला वाईट वाटतं. त्या आजींना एक्सरे टेबलवर उचलून ठेवताना जी किंकाळी निघते ती अपघात विभागाबाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाते. जांघेत फॅशिया इलियाका ब्लॉक द्यायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर त्याच आजींना एक्सरेसाठी हलवताना कितीतरी कमी त्रास होतो, कमरेतली भूल देण्यासाठी कुशीवर वळवता येतं, रात्री डोळा लागतो. वयस्कर माणसाला दुखण्यामुळे झोप न लागणं म्हणजे दुसऱ्या दिवशी बरळणं आणि सलाइन उपटणं, हे आपण पाहतोच.

गुडघा बदलणाऱ्या सर्जननी या बाबतीत वाट दाखवली आहे. ऑस्ट्रेलियातल्या केर आणि कोहान यांनी २००८ मध्ये सांध्याभोवती औषधांचं मिश्रण टोचण्याची पद्धत मांडली. पुढे अनेकांनी त्यात स्टेरॉइडही घातलं, आणि आज आपल्याकडेही ‘कॉकटेल’ हा शब्द ओटीत सगळ्यांना कळतो. पेशंटला दुसऱ्या दिवशी चालवायचं असतं, म्हणून तिथे दुखण्याचा विचार आधीपासून होतो. हर्नियाच्या पेशंटला मात्र टाके घालून वॉर्डात पाठवलं जातं. खरं तर पहिल्या दिवसांत फार दुखलेल्यांमध्ये ते दुखणं महिनोन्महिने रेंगाळण्याची शक्यता जास्त असते, आणि हर्निया हे त्याचं नेहमीचं उदाहरण. शेतात वाकताना जांघेत कळ येते म्हणून सहा महिन्यांनी परत आलेले पेशंट आपल्या ओपीडीतही असतील.

सोनोग्राफी मशीनचा प्रश्न खरा आहे. ब्लॉक मशीनवर पाहून दिला तर औषध कमी लागतं आणि सुई कुठे आहे ते दिसतं. पण गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे माझ्यासारखीला मशीन गाडीत घालून रुग्णालयारुग्णालयांत फिरता येत नाही. कायद्यामागचं कारण मला मान्य आहे, या राज्यात मुलींचं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. मग उरतो एकच मार्ग : मशीन रुग्णालयाच्या नावे, रीतसर नोंदणीत, ओटीतल्या वापरासह, आणि भूलतज्ज्ञाची कागदपत्रं त्यात जोडलेली. हे रुग्णालयाचा मालकच करू शकतो. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना फक्त वरवरच्या नसांसाठीचा लिनिअर प्रोब आणि थोडा पत्रव्यवहार लागेल. आणि मशीन नसेल तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सिझरमध्ये पोट बंद करताना थरांमध्ये मोजून बुपिव्हाकेन टोचणं हे सर्जनच्याच हातचं काम आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोर्टच्या (दुर्बीण घालायच्या छिद्रांच्या) जागा भिजवणंही तसंच. पाठीच्या भुलेत मॉर्फिन दिलेलं नसेल, आणि आपल्या बहुतेक ठिकाणी ते दिलं जात नाही, तर सिझरनंतर पोटाच्या दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसांचा ब्लॉक) दिल्याचा स्पष्ट फायदा होतो.

ब्लॉक आणि डेक्सा यांच्या खाली पाया हवा तो पॅरासिटामॉलचा, आणि तो ‘एसओएस’ नव्हे, घड्याळाप्रमाणे. ५० किलोच्या वरच्या माणसाला दर सहा तासांनी १ ग्रॅम, त्याखाली किलोमागे १५ मिलिग्रॅम. लिव्हर ठीक असेल तर. किडनी आणि पोट ठीक असेल तर सोबत डायक्लोफेनॅक किंवा तसंच दुसरं एखादं, तेही वेळ लिहून. पहिला डोस ब्लॉक उतरण्याआधी पोटात गेलेला हवा. उतरल्यावर मागे धावून दुखणं आटोक्यात आणायला तिप्पट औषध आणि अर्धी रात्र जाते. ट्रामाडॉल हे जास्त जोरकस वेदनाशामक राखीव ठेवा, पण लिहून ठेवा. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आल्याने रजिस्टर लागतं, म्हणून काही ठिकाणी ठेवायचंच बंद झालं आहे. दोन ओळींच्या नोंदीसाठी ते कपाटातून जाऊ नये.

दुखतंय का, हे विचारण्याची पद्धतही बदलायला हवी. मोठे डॉक्टर चार जणांना घेऊन खाटेशी उभे राहिले आणि ‘कसं आहे?’ म्हणाले, की आपला माणूस ‘बरंय साहेब’ असंच म्हणतो. त्याऐवजी खोकून दाखवायला सांगा. कुशीवर वळायला सांगा. चेहऱ्यावर, पोटावर धरलेल्या हातावर उत्तर लगेच दिसतं. दहापैकी किती, हे सगळ्यांना सांगता येत नाही. ‘थोडं, बरंच, की सोसवत नाही?’ असं विचारलं तर आजीसुद्धा बरोबर सांगतात. हे उत्तर सिस्टरने टीपीआर चार्टवर नाडी आणि तापाच्या शेजारी रात्री दहा, दोन आणि सहाला लिहावं, आणि ‘सोसवत नाही’ असेल तर काय द्यायचं ते आपण आधीच लिहून ठेवावं. रात्री दोनला साहेबांना फोन करू की नको या धास्तीत उभी असलेली वीस-बावीस वर्षांची सिस्टर मी अनेकदा पाहिली आहे. तिला फोनची गरज पडू नये.

बधिर हाताचीही काळजी सांगून ठेवावी लागते. हात झोळीत, कोपर खाटेच्या कडेवर दाबलेलं नको, गरम पाण्याची पिशवी नको, आणि उतरायला लागला की मुंग्या येतील, तेव्हा लगेच गोळी. ब्लॉक किती वाजता दिला आणि साधारण किती वाजता उतरेल, हे मी बँडेजवरच मार्करने लिहिते. नातेवाइकांना ते वाचता येतं, रात्रीच्या सिस्टरलाही.

आता थेट विनंती. पुढच्या वेळी मला किंवा माझ्यासारख्या कोणालाही केससाठी फोन कराल, तेव्हा पेशंटचं वजन आणि साखर त्याच फोनवर सांगा, म्हणजे औषधांचं गणित मी येतानाच करून येईन. पाच-दहा मिनिटं आधी टेबल मोकळं द्या. आणि टाके घालून झाल्यावर, ग्लोव्हज काढण्याआधी, सकाळी सहापर्यंतची औषधं वेळेसकट आपण दोघांनी मिळून केसपेपरवर लिहू. सही दोघांची.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक भूलतज्ज्ञ